प्रत्येक आधणाला नवी फाइल: मेमरी कार्डावरची जुनी नोंद पुसली जाऊ नये म्हणून काय करावं?

काहीलकाठ | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. काहीलीतल्या रसाचं तापमान दर ५ सेकंदांनी मेमरी कार्डावर लिहिणारी एक पेटी मी गेल्या वर्षी बनवली. अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, तापमान मोजणारं के टाइप थर्मोकपल, त्याच्यासाठी मॅक्स६६७५ चा बोर्ड, वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ आणि कार्डाचं साधं मॉड्यूल, एवढाच पसारा.

हे का करतोय ते आधी सांगतो. आमचे गुळव्या मामा पाकाचे बुडबुडे बघून आणि थेंबभर पाक पाण्यात टाकून, त्याची गोळी करून काहील कधी उतरायची ते ठरवतात. त्यांचं आता वय झालंय. ते "उतरा" म्हणतात तेव्हा काहीलीत नेमकं किती तापमान असतं, ९२००५ च्या उसाला किती आणि ८६०३२ ला किती, जाळ कधी कमी केला, भेंडीचा रस कधी घातला, हे सगळं त्यांच्या हातात आहे आणि ते कुठंच लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवावं एवढ्यासाठी ही धडपड.

यंदा हंगाम सुरू झाल्यापासून १९ दिवस रोज ४ आधणं (एक काहील रस शिजवून उतरवला की एक आधण), म्हणजे ७६ आधणांची नोंद एकाच फाइलमध्ये नीट साठली होती. या आठवड्यात उनो काढून वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड बसवला, कारण घरात बसून मोबाइलवर तापमान बघता यावं असं वडिलांना वाटत होतं. प्रोग्रॅम तोच, कार्ड तेच, फक्त पिना बदलल्या. पहाटेपासून दोन आधणं झाली. पेटी बंद करून कार्ड संगणकाला लावलं तर फाइलमध्ये एकच ओळ:

१२०४,०९:४१:३५,३१.५०

म्हणजे महिना-तारीख, वेळ, तापमान. ३१.५० हे रसाचं तापमानसुद्धा नव्हे. काहील उतरल्यावर थर्मोकपल धुऊन खिळ्याला अडकवलं होतं, तिथल्या हवेचं आहे. आजची दोन आधणं गेली, त्याआधीची ७६ पण गेली. संगणकावर प्रत घेतली नव्हती.

प्रोग्रॅममध्ये दर ५ सेकंदांनी फाइल उघडायची, एक ओळ लिहायची आणि बंद करायची असं आहे. उघडताना फाइल_राइट लिहिलंय. उनोवर हेच वर्षभर बरोबर चाललं. मग आता काय झालं? आणि पुढं प्रत्येक आधणाची वेगळी फाइल व्हावी, जुनीला धक्का लागू नये, यासाठी काय करू?


बिंदूचौक | गुरुवार, रात्री १०:०५

भावा, सगळ्यात आधी: ते कार्ड परत पेटीत घालू नकोस. संगणकावर पण त्यावर काही लिहू नकोस, फॉरमॅट तर अजिबात नको. बाजूला ठेव. तुझी बरीचशी नोंद अजून त्यावर असणार.

आता कारण. फाइल_राइट हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे, अर्थ वेगळा आहे. उनोच्या एसडी लायब्ररीत (कार्डावर वाचायला-लिहायला तयार मिळणारा कोड) फाइल_राइट म्हणजे "फाइल नसेल तर बनव, असेल तर शेवटी जाऊन पुढं लिही". ईएसपी३२ च्या लायब्ररीत त्याच शब्दाचा अर्थ "फाइल रिकामी कर आणि सुरुवातीपासून लिही". पुढं जोडायचं असेल तर तिथं फाइल_अपेंड वापरावं लागतं. तू दर ५ सेकंदांनी फाइल उघडतोस, म्हणजे दर ५ सेकंदांनी ती रिकामी होत होती. शेवटची एक ओळ राहिली ती त्यामुळंच.

कंपाइल करताना चूक दाखवत नाही, इशारा येत नाही, म्हणून हे लक्षात येत नाही. यात तुझा प्रोग्रॅम चुकला असं मी म्हणणार नाही. शब्द तोच ठेवून अर्थ बदलला की कोणीही फसेल.


काहीलकाठ | गुरुवार, रात्री १०:१८

कार्ड काढून डबीत ठेवलंय. हातच लावत नाही आता. "नोंद अजून असणार" म्हणालात, ते कसं?


बिंदूचौक | गुरुवार, रात्री १०:४०

फाइल रिकामी होते तेव्हा कार्डावरची अक्षरं पुसली जात नाहीत. कुठला तुकडा कुठल्या फाइलचा याची जी यादी असते, त्या यादीत ते तुकडे "मोकळे" म्हणून लिहिले जातात. त्या मोकळ्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं.

तुझी ओळ साधारण २२ बाइटची. तीन तासांचं आधण धरलं तर २,१६० ओळी, म्हणजे ४७ केबीच्या आसपास. ७६ आधणांचे साडेतीन एमबी होतात. नव्या प्रोग्रॅमनं फक्त एकेक ओळ लिहिली, तीही बहुतेक प्रत्येक वेळी पहिल्याच तुकड्यावर. कार्डाचा एक तुकडा, म्हणजे क्लस्टर, ३२ केबीचा असेल तर तेवढाच भाग गेला असावा.

करायचं असं. कार्डाच्या बाजूची लॉकची पट्टी खाली कर. मायक्रो कार्ड असेल तर अडॅप्टरला असते ती. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर घे, लिनक्सवर डीडी या आज्ञेनं होतं. मग त्या प्रतिमेवर फोटोरेक चालव. नावात फोटो असलं तरी ते मजकुराच्या फाइलीही शोधतं, आणि फुकट आहे. सापडलेलं नेहमी दुसऱ्या डिस्कवर साठव.


उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, सकाळी ७:१५

धागा वाचला. आमच्याकडं कास्टिंगच्या भट्टीचं तापमान असंच कार्डावर घेतो, तीन वर्षं झाली. बिंदूचौक यांनी फाइल_राइटचं सांगितलं ते बरोबरच. मी दुसऱ्या बाजूनं लिहितो, कारण प्रत्येक आधणाची वेगळी फाइल केलीत तरी हा दुसरा मार बसू शकतो.

लाईट. शेताकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लायब्ररी ५१२ बाइटचा एक डबा भरत असते. तो भरला की कार्डावर ओतते. पण फाइल किती लांब झाली ही नोंद फ्लश (साठलेलं लगेच कार्डावर लिहायला लावणं) किंवा क्लोज केल्यावरच होते. फाइल उघडीच ठेवलीत, तीन तास लिहीत राहिलात आणि शेवटी लाईट गेली, तर अक्षरं कार्डावर असूनही संगणक ती फाइल शून्य बाइटची दाखवतो. आमच्याकडं एका अख्ख्या पाळीची नोंद अशी गेली. फाइल होती, नाव होतं, आत काही नव्हतं.

तुम्ही दर ओळीला उघडून बंद करताय, त्यात लाईटची भीती कमी आहे, पण कार्डावर काम फार पडतं. प्रत्येक वेळी मजकूर, तुकड्यांची यादी आणि फाइलच्या नाव-लांबीची नोंद तिन्हीकडं लिहिलं जातं. आम्ही मधला रस्ता काढला: फाइल आधणाच्या सुरुवातीला एकदाच उघडायची, ओळी लिहीत जायच्या, दर मिनिटाला एकदा फ्लश. ५ सेकंदांना एक ओळ म्हणजे लाईट गेली तरी जास्तीत जास्त १२ ओळी जाणार. तीन तासांत एक मिनिट गेलं तर चालतं.

आणखी एक. कार्ड लिहिताना झटक्यात १०० मिलिअँपिअरपर्यंत किंवा जास्त ओढतं. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनची ताकद ५० ची आहे. कार्डाला वेगळा रेग्युलेटर असलेलं मॉड्यूल घ्या. ईएसपी३२ ला वायफाय सुरू होतानाचा ओढा वेगळाच, त्यामुळं मोबाइलचा जुना चार्जर लावू नका.


पंचगंगाकाठ | शुक्रवार, सकाळी ८:५०

मी पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याची पातळी मोजतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, दर १० मिनिटांनी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे गावात पोरासोरांना पाठ आहे, पण आमच्या ओढ्यात नदीचं पाणी उलटं कधी शिरतं हे कोणी लिहून ठेवत नाही. २०१९ च्या महापुरानंतर मी ते लिहायला लागलो.

माझं काम तुमच्या उलट आहे. मला एका दिवसाची एकच फाइल हवी, लाईट दहा वेळा गेली तरी. म्हणून नाव तारखेवरून घेतो आणि नेहमी पुढं जोडतो. तुम्हाला उलट प्रत्येक वेळी नवीन. तेव्हा "पुढं जोडणं" हे सगळ्यांचं उत्तर नाही, आधी तुमची एक फाइल म्हणजे काय ते ठरवा. माझी फाइल म्हणजे दिवस, तुमची म्हणजे आधण.

नावाची एक युक्ती देतो. उनोच्या जुन्या लायब्ररीत नाव ८ अक्षरं आणि टिंबानंतर ३, एवढंच चालतं. लांब नाव दिलं तर फाइल उघडतच नाही आणि का ते सांगतही नाही. महिना, तारीख, तास, मिनिट प्रत्येकी दोन आकडे घेतले की बरोबर ८ होतात. ४ डिसेंबरला सकाळी साडेसहाला सुरू झालेलं आधण म्हणजे १२०४०६३०. महिना आधी ठेवायचा, मग संगणकावर फाइली आपोआप ओळीनं लागतात. वर्षाचा फोल्डर वेगळा.


प्रयोगशाळेतून | शुक्रवार, दुपारी १:३०

पंचगंगाकाठ दादांची नावाची पद्धत चांगली आहे, पण एकट्या घड्याळावर विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांचे प्रकल्प बघताना हे वारंवार समोर येतं. घड्याळाचा सेल संपतो किंवा निसटतो, घड्याळ १ जानेवारी २००० वर जातं, आणि मग पेटी चालू करताच रोज तेच नाव तयार होतं. पुढं जोडत असाल तर तीन दिवसांची नोंद एकात मिसळते. रिकामी करून लिहीत असाल तर आदल्या दिवसाची जाते. डीएस३२३१ मध्ये घड्याळ मधे थांबलं होतं का हे सांगणारी खूण असते. चालू झाल्याबरोबर ती तपासावी. शिवाय त्या घड्याळाच्या बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा भाग असतो. साधा सीआर२०३२ चार्ज करायचा नसतो, तेव्हा एकतर चार्ज होणारा सेल घाला किंवा तो भाग तोडा.

मी क्रमांकाच्या बाजूची आहे. पायऱ्या सांगते, कोड तुम्ही लिहालच.

कार्ड सुरू झालं का ते आधी तपासायचं. झालं नसेल तर तिथंच थांबायचं आणि लाल दिवा लावायचा. ही पायरी सोडू नका, कारण "ही फाइल आहे का?" असं विचारल्यावर लायब्ररी "नाही" म्हणते ते दोन कारणांनी: फाइल खरंच नसते, किंवा कार्डच वाचता येत नसतं. दुसऱ्या कारणाला पहिलं समजलं की पुढचं सगळं चुकतं.

मग शेवटचा क्रमांक वाचायचा. तो कार्डावर नको, चिपमध्ये ठेवा. लाईट गेली तरी न पुसणारी जागा दोन्हीत असते: उनोवर ईप्रॉम, ईएसपी३२ वर प्रेफरन्सेस. त्यात एक मिळवायचा आणि फाइल उघडण्याआधीच नवा क्रमांक चिपमध्ये साठवायचा. मधेच लाईट गेली तर एक क्रमांक वाया जाईल, पण तोच क्रमांक दोनदा कधीच येणार नाही. त्यानंतरही त्या नावाची फाइल कार्डावर आहे का ते बघायचं. असेल तर पुढचा क्रमांक. चार आकडी ठेवा, आणि ९९९९ नंतर ०००० वर जाऊ देऊ नका, थांबवा.

ईएसपी३२ वर नावाच्या आधी तिरपी रेघ लागते, नाहीतर फाइल उघडत नाही. आणि फाइल उघडल्यावर ती खरंच उघडली का हे विचारल्याशिवाय एकही ओळ लिहू नका.


बिंदूचौक | शुक्रवार, दुपारी २:१०

ताई, क्रमांक चिपमध्ये कशाला? कार्डावर ०००१ पासून बघत गेलं की पहिलं मोकळं नाव मिळतंच. सोपं आहे, आणि पेटी बदलली तरी चालतं. ईप्रॉमला लिहिण्याची मर्यादा पण असते.


प्रयोगशाळेतून | शुक्रवार, सायंकाळी ५:४५

मर्यादा १ लाख वेळांची आहे. दर ओळीला लिहिलंत तर दिवसाला १७,२८० वेळा होतात, सहा दिवसांत संपेल. दर आधणाला लिहिलंत तर दिवसाला चार. त्या हिशेबानं आपल्या हयातीत संपणार नाही.

कार्डावर मोजत जाण्यातली अडचण मी स्वतः भोगली आहे, म्हणून आग्रह धरते. एका प्रकल्पात मातीच्या ओलाव्याची नोंद होती. फाइली संगणकावर घेतल्या आणि जागा करायची म्हणून कार्ड रिकामं केलं. पेटीनं पुन्हा ०००१ पासून सुरुवात केली, तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पंधरा दिवसांनी नव्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ओढल्या. संगणकानं विचारलं, "या नावाची फाइल आहे, बदलू का?" घाईत हो म्हटलं गेलं. कार्डावर एकही फाइल दुसरीवर लिहिली गेली नव्हती, पुसलं गेलं ते संगणकावर. क्रमांक चिपमध्ये असता तर हे झालंच नसतं.

मधलीच एखादी फाइल खोडली तर मोजत जाणारा प्रोग्रॅम त्या खिंडारात नवी फाइल घालतो, मग क्रम आणि काळ जुळत नाहीत, हे वेगळंच. शिवाय शेकडो फाइली झाल्या की एकेक नाव विचारत जायला वेळही लागतो.


बिंदूचौक | शुक्रवार, सायंकाळी ६:०२

पटलं. संगणकावरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या हवामानाच्या पेटीत आजच बदल करतो.

उनोवरच राहणाऱ्यांसाठी एक भर: एसडीफॅट नावाची लायब्ररी वापरली तर उघडताना ओ_क्रिएट सोबत ओ_एक्सक्ल अशी खूण देता येते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर उघडायलाच नकार मिळतो. आपण तपासायला विसरलो तरी जुनी फाइल वाचते.


उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, रात्री ८:३०

जागा करायची म्हणून कार्ड रिकामं करू नका हेच मी सांगणार होतो. हिशेब बघा: आधणाला ४७ केबी, दिवसाला चार, १५० दिवसांचा हंगाम. सगळे मिळून २८-२९ एमबी होतात. १६ जीबीच्या कार्डावर असे कित्येक हंगाम मावतील. खोडायची गरजच नाही. फक्त फाइली फोल्डरात ठेवा. जुनं २ जीबीचं किंवा त्याहून लहान कार्ड असेल तर मुळाशी, म्हणजे फोल्डराबाहेर, साधारण ५१२ नोंदीच मावतात, पुढं जागा असूनही नवी फाइल होत नाही.

काहीलकाठ, एक विचारतो. आधण सुरू झालं हे पेटीला कसं कळणार? लाईट गेली आणि आली की नवी फाइल, असं केलंत तर एका आधणाचे तीन तुकडे होतील.


काहीलकाठ | शनिवार, पहाटे ५:२०

चुलाणाजवळ बसून लिहितोय, पहिला रस आत्ताच काहीलीत पडला.

तुमच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. बटण लावतो. काहीलीत रस ओतला की जाळव्या (चुलाणात जाळ घालणारा) एकदा दाबेल, तेव्हाच नवा क्रमांक. उतरल्यावर परत एकदा दाबायचं, फाइल बंद. आधण चालू असल्याची खूण क्रमांकाशेजारीच चिपमध्ये ठेवतो. लाईट जाऊन आली आणि ती खूण असली तर तीच फाइल फाइल_अपेंडनं उघडायची, नसेल तर बटणाची वाट बघायची. प्रत्येक ओळीत घड्याळाची वेळ आहेच, त्यामुळं मधला खंड दिसेल.

बटण मोठं घेतोय, चिपाडं सरकवलेल्या हातानं दाबता येईल असं. पेटीही चुलाणापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला. वाफेनं कार्डाच्या खोबणीला हिरवट गंज धरला होता, तो काल दिसला.


पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी ९:००

हे छान जमेल. वर्षाच्या फोल्डरात क्रमांकाची फाइल आणि फाइलच्या पहिल्या ओळीत पूर्ण तारीख, उसाची जात आणि शेताचं नाव. नावात सगळं कोंबायची गरज नाही. माझी तारखेची पद्धत मी माझ्यापुरती ठेवतो, पण ताईंनी सांगितलेली घड्याळाची तपासणी आजच घालतो.


काहीलकाठ | पुढचा शनिवार, रात्री ९:१५

मंडळी, आठ दिवसांचं सांगतो.

जुन्या कार्डाची प्रतिमा घेऊन त्यावर फोटोरेक चालवलं. मजकुराच्या खूप फाइली निघाल्या, नावं काहीतरी आकड्यांची, त्यात माझ्या लॅपटॉपच्या जुन्या गोष्टीही होत्या. ओळी तारीख-वेळेनुसार लावून एक केल्या. पहिल्या दिवसाच्या पहिल्या आधणाचे सुरुवातीचे दोन तास मिळाले नाहीत. बिंदूचौक दादांनी म्हटलेला ३२ केबीचा पहिला तुकडा तोच, हिशेब अगदी जुळतो. बाकी ७५ आधणं पूर्ण आहेत. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडं शहरात.

नवीन पद्धतीनं ३० आधणं झाली, क्रमांक ०००१ ते ००३१. मधला ००१७ नाही, क्रमांक साठवला गेला आणि फाइल उघडायच्या आत लाईट गेली होती. ताईंनी सांगितलं होतं तसंच. बाकीच्या तिसांत लाईट दोनदा गेली, दोन्ही वेळा तीच फाइल पुढं चालू राहिली.

आज संध्याकाळी मामांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्या फाइलींच्या शेवटच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. ११८.२५, ११८.००, ११८.७५. एका ठिकाणी ११६.५० होतं, तिथं बोट थांबलं. "ते पाटलाच्या फडातलं, ऊस कोवळा होता, लवकर उतरली," म्हणाले. तारीख बघितली तर खरंच त्या दिवशी त्याच फडातला ऊस होता. पहिल्या ओळीत शेताचं नाव आहे, पण मामांना वाचता येत नाही. आकड्यावरून सांगितलं.


प्रयोगशाळेतून | पुढचा शनिवार, रात्री ९:५०

मामांनी असं काही सांगितलं की त्यांच्याच शब्दांत त्या फाइलच्या बाजूला लिहून ठेवा. मूळ फाइलमध्ये घालू नका, त्याच क्रमांकाची दुसरी मजकुराची फाइल करा.


काहीलकाठ | पुढचा शनिवार, रात्री १०:०४

केली. ००२२ ची पहिली. उद्यापासून प्रत्येक काहील उतरल्यावर त्यांना विचारतो.